रात्रीचे सूप : पातळ असावे, पोकळ नसावे

"सूप करायचं म्हणतीस? मग पाखडायचं काय हाय?" असे म्हणून आमच्या सासूबाई खरोखरच उठल्या आणि खुंटीला अडकवलेले धान्य पाखडायचे सूप घेऊन आल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. साताऱ्याकडच्या खेड्यात सारा जन्म गेलेला. मुले पोट धरून हसली. आत्याबाईही हसल्या. पण ज्या कारणासाठी आमच्या स्वयंपाकघरात हा शब्द आला होता, ते कारण हसण्यासारखे नव्हते.

आत्याबाईंच्या रक्तात साखर निघाली होती. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि सांगितले, "रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं करा." सांगणे सोपे होते. आमच्या घरी काय, किंवा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी काय, रात्रीचे जेवण हेच दिवसातले खरे जेवण असते. सकाळी चहा-पाव किंवा चहा-चपाती करून सगळे बाहेर पळतात. दुपारी डब्यातली दोन पोळ्या-भाजी. संध्याकाळी घरी यायला आठ वाजतात, स्वयंपाक व्हायला साडेनऊ, जेवायला दहा. मग भाकरी, भात, कालवण, सकाळचे उरलेले असे सगळे पोटात ढकलायचे आणि अर्ध्या तासात अंथरुणावर पडायचे. आत्याबाई आमच्यासाठी दहापर्यंत थांबत. सुनेआधी जेवून घेणे त्यांना प्रशस्त वाटत नसे.

एकट्या आमच्या घराचा हा प्रश्न नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. साखर हा श्रीमंतांचा रोग, असे पूर्वी म्हणत. आता तो चाळीत आला आहे, वस्तीत आला आहे आणि खेड्यातही पोहोचला आहे.

आमच्या हातून झालेली चूक

हलके म्हणजे सूप, एवढे आम्हाला ठाऊक होते. दुकानातून पाकिटे आणली. पाण्यात कालवायचे, उकळायचे, पाच मिनिटांत तयार. मुलांना आवडले, आम्हालाही सोयीचे वाटले. पुढे एकदा पाकिटाच्या पाठीवरचा बारीक मजकूर वाचला. पाकिटावर जे घटक छापतात ते वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणजे जे सर्वांत जास्त ते पहिले. आमच्या पाकिटावर आधी मक्याचे पिठूळ सत्त्व होते, नंतर साखर, मग मीठ, आणि वाळवलेल्या भाज्या पार शेवटी. साखरेच्या रोग्याला आम्ही काय पाजत होतो, ते तेव्हा कळले. पाकिटे बंद केली.

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. टोमॅटो उकडून, गाळून, मीठमिरी घालून त्याचे पाणी आत्याबाईंना द्यायचे आणि भाकरी बंद. तीन-चार दिवस बरे गेले. पाचव्या रात्री तीनच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. शेजारच्या भगिनी परिचारिका आहेत. त्या धावत आल्या. आत्याबाई शुद्धीवर होत्या आणि घोट गिळू शकत होत्या, म्हणून त्यांनी पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून प्यायला दिली. पाव तासाने पुन्हा पाहिले, तेव्हा जरा हुशारी आली होती. मग दूध आणि अर्धी भाकरी खाऊ घातली. सकाळी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "आजींचं जेवण हलकं करा म्हटलं होतं, बंद करा म्हटलं नव्हतं. गोळी पोटात आणि अन्न नाही, तर रक्तातली साखर खाली जाणारच."

वाचक भगिनींनो, ही चूक आमची होती. ती लपवून न ठेवता येथे सांगतो, कारण दुसऱ्या कोणत्या घरी ती होऊ नये. घरात कोणी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल, तर त्यांचे रात्रीचे जेवण मनाने कमी करू नका. आधी डॉक्टरांना विचारा. गोळीचे प्रमाण बदलावे लागते काय, ते तेच सांगतील. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डाळ, टोमॅटो, पालेभाज्या किती घ्याव्यात हेही विचारूनच ठरवावे. आणि साखर उतरून माणूस बेशुद्ध झाला असेल, तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठावा.

"पाणी पाजून निजवतीस व्हय?"

बरे वाटल्यावर आत्याबाईंनी आम्हाला जवळ बसवून घेतले. रागावतील असे वाटले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "आगं, पाणी पाजून निजवतीस व्हय आम्हाला?" आणि मग आम्ही कधी न ऐकलेली गोष्ट त्यांनी सांगितली. लहानपणी त्यांच्या घरी पाहुणा आला की त्यांची आई चुलीवरच्या आमटीत तांब्याभर पाणी ओतायची. डाळ तेवढीच, माणसे जास्त. पोरांना ते दिसायचे, पण पाहुण्यासमोर कोणी बोलायचे नाही. गपचूप भाकरी कुस्करून खायची. "तवाच मनात धरलं हुतं," त्या म्हणाल्या, "माझ्या घरात पातळ रांधायचं न्हाई."

आम्ही गप्प झालो. आपल्या कितीतरी घरांतील वडीलधाऱ्यांच्या मनात पातळ कालवण म्हणजे गरिबी, हे असे पक्के बसले आहे. त्यांनी जे सोसले त्यावरून ते बसले आहे. नव्या पिढीने मासिकात वाचून "रात्री फक्त सूप घ्या" असे सांगितले, तर त्यांना ते पुन्हा उपासमारीकडे नेणे वाटते. आणि खरे सांगायचे तर, आम्ही केलेले टोमॅटोचे पाणी ही उपासमारच होती. त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी स्वतः पदर खोचला. हुलगे भाजले, दळून आणवले आणि रात्री हुलग्याचे माडगे केले. दाट, लसणीच्या फोडणीचे, वाफाळते. सोबत अर्धी भाकरी. "ह्ये तुमचं सूप," त्या म्हणाल्या. त्या रात्री गोळी घेऊनही त्या शांत झोपल्या.

सूप आपलेच आहे

हुलग्याचे माडगे, मुगाचे कढण, कोकणातले कुळथाचे कळण, पुरणाच्या डाळीची कटाची आमटी, ज्वारीची आंबील, मटणाचा अळणी रस्सा, हे सगळे आपल्या घरचे सूपच होय. हॉटेलातल्या पांढऱ्या वाडग्यात मिळते तेवढेच सूप, असे नाही. उच्चाराचे साम्य हा योगायोग मानला, तरी पाली भाषेत सूप म्हणजे डाळीचे कालवण. विनयपिटकात भिक्खूंच्या जेवणाचे नियम आहेत, तेथे सूप म्हणून मुगाचे आणि उडदाचे अशी नावे येतात. महावग्गात भगवान बुद्धांनी यागू म्हणजे पातळ पेज घेण्यास अनुमती दिल्याचा प्रसंग आहे आणि तिचे १० गुण सांगितले आहेत. भूक व तहान भागविणे, वात सरळ करणे, पचनास मदत करणे हे त्यांपैकी काही. ही पेज सकाळी घेतली जाई, कारण भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नसत. त्यामुळे रात्रीच्या जेवणासाठी तिचा दाखला देणे बरोबर होणार नाही. परंतु पातळ अन्नात कमीपणा नाही, एवढे त्यातून निश्चित घेता येते.

पातळ आणि पोकळ यांत मात्र फरक आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दररोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. गाळलेल्या टोमॅटोच्या पाण्यात प्रथिने नावापुरतीच असतात. उलट १०० ग्रॅम हुलग्यात ती सुमारे २२ ग्रॅम असतात आणि मुगात सुमारे २४ ग्रॅम. म्हणून आमच्या घरचा नियम ठरला, सूप कोणतेही असो, त्यात डाळ, कडधान्य, अंडे, मासे किंवा मटण यांपैकी एक काहीतरी हवेच. दाटपणासाठी कॉर्नफ्लॉवर नको. डाळ घोटली की दाटपणा आपोआप येतो.

चौघांसाठी काही कृती

हुलग्याचे माडगे : हुलगे निवडून मंद आचेवर खमंग भाजावेत व दळून आणावेत. हे पीठ डब्यात महिनाभर राहते. एक वाटी पीठ (सुमारे १०० ग्रॅम) दोन वाट्या थंड पाण्यात कालवून ठेवावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. पातेल्यात दोन चमचे तेलात जिरे, हिंग, ठेचलेल्या लसणीच्या आठ-दहा पाकळ्या, हळद व एक हिरवी मिरची यांची फोडणी करावी. पाच-सहा वाट्या पाणी घालून उकळी आली की कालवलेले पीठ हळूहळू सोडावे आणि सतत ढवळावे. दहा मिनिटे शिजवून मीठ, दोन आमसुले व कोथिंबीर घालावी. काही ठिकाणी यात गूळ घालून गोडही करतात. साखर असणाऱ्यांनी गूळ टाळावा. गूळ म्हणजे साखर नव्हे, हा समज चुकीचा आहे.

मुगाचे कढण : एक वाटी हिरवे मूग (सुमारे १२५ ग्रॅम) सकाळी कामाला निघताना भिजत टाकावेत. संध्याकाळी चार वाट्या पाणी घालून कुकरला चार शिट्ट्या द्याव्यात. रवीने घोटून तीन वाट्या गरम पाणी घालावे. चमचाभर तुपात जिरे, कढीपत्ता व किसलेले आले यांची फोडणी द्यावी, वर मिरपूड भुरभुरावी. आजाऱ्यासाठी गाळून घ्यावे. निरोगी माणसासाठी मुळीच गाळू नये, कारण चोथ्यातच सारे असते. यातून प्रत्येकाच्या पोटात सात ग्रॅमच्या वर प्रथिने जातात.

शेवग्याच्या पाल्याचे सूप : शेवग्याचे झाड वस्तीत कोठे ना कोठे असतेच, पाला फुकट मिळतो. पाऊण वाटी मसूर डाळ, एक कांदा, एक टोमॅटो व सहा लसूण पाकळ्या कुकरमध्ये तीन शिट्ट्यांत शिजवाव्यात. घोटून सहा वाट्या पाणी घालावे. उकळी आली की देठ काढलेला कोवळा पाला दोन मुठी टाकावा व झाकण न ठेवता पाच-सहा मिनिटे शिजवावा. खाली उतरवल्यावर लिंबू पिळावे. लिंबातील क जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते, म्हणून चुलीवर असताना पिळू नये. हे जीवनसत्त्व पाल्यातील व डाळीतील लोह अंगी लागायला मदत करते. चहा नेमके उलटे करतो, म्हणून जेवणाला लागून चहा नको.

अळणी रस्सा : रविवारी मटण आणले की पाव किलो हाडांसह मटण हळद, आले-लसूण व कांदा घालून भरपूर पाण्यात शिजवावे. मसाला पडण्यापूर्वीचा हा रस्सा व नरम तुकडे वेगळे काढावेत. थंड झाल्यावर वर साकळलेली चरबी काढून टाकावी. त्यात गाजर, दुधी, मूठभर शिजलेली डाळ घालून उकळावे. बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला हा रस्सा आपल्याकडे देतातच. पाय उकळून केलेल्या सुपात पुष्कळ कॅल्शियम उतरते असे मात्र समजू नये. हाडातले कॅल्शियम पाण्यात फारच थोडे येते. त्यासाठी नाचणी चांगली. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. उन्हाळ्यात नाचणीचे पीठ पाण्यात शिजवून, गार करून, त्यात ताक, जिरे व ठेचलेला लसूण घातलेली आंबील संध्याकाळी फार सुखाची वाटते.

मिठाविषयी एक शब्द. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे म्हणते. ५ ग्रॅम म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. चौघांच्या सुपात हा एक चमचा पडला, तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा ग्रॅम येते. तेवढे पुरते. रक्तदाब असणाऱ्यांच्या घरी त्याहून कमी घालावे आणि लिंबू, आमसूल, लसूण यांनी चव आणावी. सुके बोंबील किंवा सुकट घातली असेल, तर ती आधी धुवून घ्यावी व मीठ चव पाहूनच घालावे.

कोणी घ्यावे, किती घ्यावे

वाडगाभर दाट सूप आणि सोबत अर्धी किंवा एक भाकरी, काकडी-गाजराच्या फोडी. बैठे काम करणाऱ्याला व वयस्कर माणसाला एवढे रात्री पुरते. पण घरातील सर्वांना एकाच मापाने मोजू नका. जो दिवसभर उन्हात ओझी वाहून आला, बांधकामावर राबला, त्याला सुपावर निजवणे अन्याय आहे. वाढीची मुले, गरोदर स्त्री, अंगावर पाजणारी आई यांनाही पोटभर जेवण हवे. त्यांना सूप द्या, पण भाकरी-भात-भाजीसोबत. आणि रात्रीचे कमी करायचे असेल, तर सकाळ-दुपारचे वाढवावे लागते. आम्ही आता सकाळी चहा-पावाऐवजी भाकरी-भाजी किंवा उसळ खाऊन बाहेर पडतो. त्यासाठी अर्धा तास लवकर उठावे लागते, हे खरे. तो अर्धा तास संध्याकाळी परत मिळतो. कुकर लावला की अर्ध्या-पाऊण तासात जेवण तयार असते आणि नवाच्या आत भांडीसुद्धा घासून होतात. मुले जेवून अभ्यासाला बसतात आणि पेंगत नाहीत.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डाळ पातेल्याच्या तळाशी बसते. वाढणाऱ्या बाईला हे ठाऊक असते. म्हणून ती पळी तळापर्यंत नेऊन दाट भाग मिस्टरांना वाढते, मुलांना वाढते, सासू-सासऱ्यांना वाढते. सर्वांचे झाल्यावर उरलेल्या पातळ पाण्यात थोडा भात कालवून स्वतः खाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ साली देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. त्याची कारणे अनेक आहेत. पण पातेल्याच्या तळाशी कोणाची पळी जाते, हे त्यांतले एक कारण आपल्या हातातले आहे. घरात सूप सुरू केले आणि वाढण्याची ही रीत तशीच राहिली, तर इतरांचे जेवण हलके होईल आणि बाईचे रिकामे.

ही गोष्ट आम्हाला कोण्या पुस्तकाने दाखवली नाही, आत्याबाईंनी दाखवली. माडगे केले त्या रात्री त्यांनी सहा वाडगे ओळीने मांडले. पातेले तळापासून ढवळले आणि एकेक पळी फिरवत सगळे वाडगे एकदम भरले. आम्ही नेहमीप्रमाणे म्हणालो, "आमचं राहू द्या, मागून घेतो." त्यांनी वाडगा आमच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मागनं काय ऱ्हातं ते मला ठावं हाय. बस आत्ताच."

तेव्हापासून आमच्या घरी सूप असेच वाढले जाते. आमचे मिस्टर ढवळतात, मुलगी वाडगे मांडते आणि आत्याबाई वाडगे मोजतात. एक कमी पडला तर त्या घास घेत नाहीत.

आपल्या घरी आजीच्या, आईच्या हातचे कोणते कढण, कोणते सार होत असे? कृती आठवत असेल तर मापासह पत्राने जरूर कळवावी. आणि आजी अजून घरात असतील, तर आज संध्याकाळीच त्यांना विचारावे.